कुत्र्याचं फोटोशूट करताय? आंघोळ सगळ्यात शेवटी

मी गोव्यात डिचोलीजवळ राहते. आमची कुत्री गावठी, काळी कुळकुळीत, छातीवर पांढरा पट्टा, नाव सुंगट, कारण पिल्लू होती तेव्हा सुंगटासारखी, म्हणजे कोळंबीसारखी, वाकडी होऊन झोपायची. तिचे फोटो काढायला पैसे देऊन फोटोग्राफर बोलावलाय हे वाड्यावर कळलं तेव्हा शेजारच्या मावशी गेटवर येऊन म्हणाल्या, "सुण्याचे फोटो कित्याक गो? लग्न करपाचें आसा?" (कुत्र्याचे फोटो कशाला गं? लग्न करायचंय का?)

पहिल्या शूटनंतर मलाही वाटलं की मावशी बरोबर होत्या. एप्रिल महिना, दुपारचे चार, किनाऱ्यावर. आदल्या रात्री शॅम्पूने घासून आंघोळ, सकाळी गळ्यात नवीन लाल रुमाल, आणि आमच्याकडून पाच जण, सगळे एकदम "सुंगट इकडे बघ, सुंगट इकडे बघ" करत होते. वाळू तापलेली, फोटोग्राफरची लेन्स हाताएवढी लांब, सुंगटबाई पाचव्या मिनिटाला जी गाडीखाली जाऊन बसली ती परत आलीच नाही. जे फोटो आले त्यात सगळीकडे शेपूट पायांत. आठवडाभर मी फोटोग्राफरला नावं ठेवली, मग डोक्यात प्रकाश पडला की त्याचं काहीच चुकलं नव्हतं, मी कुत्रीला फक्त धुऊन नेलं होतं, तयार असं काहीच केलं नव्हतं. दुसऱ्यांदा डिसेंबरात केलं आणि ते मस्त झालं, मधल्या काळात जे शिकले ते खाली लिहितेय, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी.

आधी जागा आणि वेळ ठरवा, फोटोग्राफर नंतर

गोव्यात राहतो म्हणजे शूट बीचवरच, असं सगळ्यांना वाटतं. तुमचा कुत्रा आयुष्यात तीनदा बीचवर गेला असेल तर तिथे तो तुमच्याकडे बघणारच नाही, त्याला वास घ्यायचे असतात, खेकडे खणायचे असतात. बुजऱ्या कुत्र्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपलं घर. खरंच. चिऱ्यांची भिंत, बाल्कांवाच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायऱ्या, अंगणातलं तुळशीवृंदावन, मागे माड, अजून काय पाहिजे? पायरीवर किंवा कट्ट्यावर बसवलेला कुत्रा आपोआप जरा स्थिर राहतो हा अजून एक फायदा.

बीचच पाहिजे असेल तर दोन-चार गोष्टी बघा. आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी सूर्य माडांच्या मागून येतो आणि थोडा वेळ वाळूवर मऊ उजेड असतो, गर्दी नसते, वाळू थंड असते. संध्याकाळी सूर्य समुद्रात, म्हणजे मागे समुद्र घेतला तर कुत्र्याचं तोंड अंधारात आणि केसांच्या कडेला सोनेरी रेघ, आणि फोटोग्राफर पाण्याकडे पाठ करून उभा राहिला तर तोंडावर छान उजेड पण मागे समुद्र नाही, शॅक (वाळूवरची झावळ्यांची हॉटेलं) दिसणार. यातलं काय पाहिजे ते आधीच बोलून घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, मेमध्ये सातला थोडी कमी असताना, तर शेवटचा तास-दीड तास पकडायचा. दुपारचे चार कधीच नको, मी भोगलंय.

वाळू तापली का ते बघायला हाताची मागची बाजू टेकवून सात मोजा, मोजवत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. चपला आपण घालतो, तो नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि कुत्रा अंडी उकरतो हे सांगायला नकोच. फोटोसाठी तिकडे जाऊ नका, बाकी किनारा काय कमी आहे का.

आणि बीचवरचे कुत्रे! किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांची एक टोळी असते आणि पट्टा बांधलेला पाहुणा दिसला की सगळे धावून येतात. एक दिवस आधी एकटे जाऊन बघून या, शॅकवाल्या पोरांना विचारा, त्यांना प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव माहीत असतो, "तो पांढरा कांयच करिना, पूण त्या लंगड्याकडेन वचूं नाका" (तो पांढरा काही करत नाही, पण त्या लंगड्याकडे जाऊ नका) इतकं डिटेल सांगतात. मेलेले मासे, रापणीच्या जाळ्याचे तुकडे, गळ यावर लक्ष ठेवा. खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब होतात म्हणून गोडं पाणी भरपूर न्या.

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंती सगळ्यांना पाहिजे असतात, पण ती लोकांची राहती घरं आहेत आणि रोजच्या फोटोवाल्यांना ती माणसं वैतागलीयत, तशा पाट्याही लावल्यात. कुणाच्या दारात, पायरीवर कुत्रा बसवू नका. माझं मत विचाराल तर नकोच तिथे. पावसाळा सरत आला की, सप्टेंबरात, आपल्याच गावातली भातशेतं हिरवीगार असतात, बांधावर उभा केलेला कुत्रा भिंतीपेक्षा कितीतरी छान दिसतो. फक्त ओल्या शेतात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची) भीती असते, लस घेतलेली पाहिजे, आणि गोचीड तर असतातच असतात. रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना तेही बघून घ्या, फोटोग्राफर अनोळखी माणूस आहे आणि तुमच्या कुत्र्याच्या तोंडासमोर गुडघ्यावर बसणार आहे.

फोटोग्राफरला फोन करताना: किती वेळ, एडिट केलेले किती फोटो मिळणार, पाऊस आला तर पुढची तारीख मिळेल का, माझ्या कुत्र्याचे फोटो तुम्ही इन्स्टावर टाकणार का. कुत्रा काळा किंवा पांढराशुभ्र असेल तर त्या रंगाच्या कुत्र्याचे आधीचे फोटो दाखवा म्हणा. काळा कुत्रा पुढे असला की कॅमेरा सगळं जास्त उजळ करायला बघतो आणि काळ्याचा राखाडी होतो, छातीवरचा पांढरा पट्टा तर ट्यूबलाइटसारखा पेटतो, ज्याला सवय आहे त्याला हे सांभाळता येतं. बीच किंवा सार्वजनिक जागेवर परवानगी लागते का हेही त्यालाच विचारा.

चतुर्थी, दिवाळी, थर्टी फर्स्टच्या आजूबाजूची तारीख घेऊ नका, फटाक्याने घाबरलेला कुत्रा दुसऱ्या दिवशीही पलंगाखालीच असतो.

तीन आठवडे आधी: लेन्सची ओळख

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण नव्वद टक्के लोक हेच सोडतात.

कुत्र्यांच्या जगात कुणी टक लावून बघणं म्हणजे भांडणाची सुरुवात. आता त्याच्या बाजूने विचार करा, एक अनोळखी माणूस, जमिनीवर वाकलेला, चेहरा गायब, आणि चेहऱ्याच्या जागी एक मोठा काळा डोळा जो हलत नाही, पापणी लवत नाही, आणि मधूनच खट् खट् करतो. सुंगट गाडीखाली गेली यात नवल काय?

म्हणून मोठा कॅमेरा घरात नसला तरी चालेल, मी एक काळा प्लास्टिकचा डबा घेतला, तळ कापला, आणि रोज पाच मिनिटं तो डोळ्याला लावून बसायचे. पहिले दोन दिवस डबा नुसता जमिनीवर, ती आली, हुंगली, खाऊ. मग डबा हातात, खाऊ. मग छातीपाशी, मग डोळ्याला पण फक्त एक सेकंद, मग तीन, मग दहा. ती तोंड फिरवायला लागली की आपण एक पायरी मागे यायचं, पुढे रेटायचं नाही. मावशींनी हे कुंपणावरून बघितलं आणि त्या दिवशी काही बोलल्याच नाहीत, सरळ घरात गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात मोबाईलवर शटरचा आवाज लावला, आधी हळू. खट् वाजलं की खाऊ, खट् वाजलं की खाऊ. चार-पाच दिवसांत खट् झालं की ती माझ्याकडे आशेने बघायला लागली आणि आपल्याला फोटोत पाहिजे असतो तो नेमका हाच चेहरा. तिसऱ्या आठवड्यात हे सगळं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, भाचा, मैत्रीण, कुत्र्याला रोज न दिसणारा माणूस, जमिनीवर बसून, कारण चांगला फोटोग्राफर कुत्र्याच्या डोळ्याच्या लेव्हलला येऊनच फोटो काढतो.

याच्याच जोडीला "बस" आणि "थांब". तेवढं पुरे, पंजा देणं वगैरे सर्कस नको. "थांब" मात्र अंतरावरून जमायला पाहिजे, आधी एक पाऊल मागे, मग तीन, मग दहा. मी गोणपाटाचा एक तुकडा ठरवला होता, त्यावर बसलं की काहीतरी चांगलं मिळतं हे तिला पक्कं झालं, मग तोच तुकडा शूटला नेला, पायरीवर टाकला, ती स्वतःहून जाऊन बसली. फोटोत तो खटकलाही नाही, आणि खटकला असता तर एडिटिंगमध्ये काढता येतो.

आवाजांचं एक गुपित. मान वाकडी करून बघणारा जो गोड फोटो असतो ना, तो नवीन आवाजाने येतो, आणि तो आवाज तीन-चार वेळाच चालतो, मग कुत्र्याला कळतं की यात काही दम नाही. म्हणून चूं चूं वाजणारं खेळणं सरावात वापरून संपवू नका, शूटसाठी ठेवा. आणि स्वतःला विचारा की घरात कुठला आवाज ऐकून हा उठून पळत येतो? फ्रीजचं दार? स्कूटरची चावी? आमच्याकडे पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा. सकाळी त्याच्या सायकलचा भोंगा पों पों वाजला की सुंगट कुठेही असो, कान ताठ, गेटवर हजर, कारण पावाचा एक तुकडा तिचा ठरलेला. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तसाच एक रबरी भोंगा आणून ठेवला.

रंगांचं पण सांगते, कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरव्यात फारसा फरक कळत नाही. हिरवळीवर लाल चेंडू टाकून "बघ बघ" करण्यात अर्थ नाही, निळा किंवा पिवळा घ्या.

आठवडा आधी

नखं आत्ताच कापा, आदल्या दिवशी नको, जास्त कापलं गेलं आणि रक्त आलं तर लंगडत येईल. शिह त्झूसारख्या लांब केसांच्या कुत्र्यांचं कटिंगही आठवडा-दहा दिवस आधी, म्हणजे केस जरा बसतात. लॅब, हस्की, जर्मन शेफर्ड यांना उन्हाळा आहे म्हणून मशीन मारू नका, तो कोट त्यांना उन्हापासून पण वाचवतो.

मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध आत्ता टाकलं तर त्याचा तेलकट डाग शूटपर्यंत जातो, आणि त्या औषधाच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नसते, तर हिशोब करून टाका.

कपड्यांबद्दल माझं मत, नको. फार तर एक रुमाल, तोही आठवडाभर थोडा थोडा वेळ घालून सवय केलेला. नवीन कपडा अंगावर असलेला कुत्रा पुतळ्यासारखा उभा राहतो आणि आपल्याला वाटतं किती शहाणा आहे.

दोन दिवस आधी आंघोळ

आली एकदाची. दोन दिवस आधी कारण आंघोळीनंतर केस भुसभुशीत उडतात, अंग खाजवत बसतो, गादीवर घासतो, दोन दिवसांत सगळं जागेवर येतं. कानात पाणी जाऊ देऊ नका, आणि आपल्याकडच्या दमट हवेत नीट पुसून सुकवा नाहीतर कातडीला वास येतो, बुरशी धरते. मग फक्त ब्रश. डोळ्यातली चिपडं शूटच्या सकाळी उकळून थंड केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसायची, झालं.

पिशवीत काय

पाणी आणि वाटी, दोन जुने टॉवेल, लाळ पुसायला वेगळं फडकं (लॅबवाल्यांनो तुम्ही चार घ्या), ब्रश, बारीक पट्टा, शी उचलायच्या पिशव्या, ते गोणपाट, वाजणारं खेळणं, आणि खाऊ.

खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, चण्याएवढे तुकडे, बिनमिठाचं. बिस्किटं नकोत, चुरा ओठाला लागतो आणि प्रत्येक फोटोत दिसतो. घरात आहे म्हणून चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) न्यायचं नाही, त्यात लसूण, व्हिनेगर, मिरची, कुत्र्याच्या पोटाचं वाटोळं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका हे तर एरवीपण विषच. खाऊ दोन प्रकारचा ठेवा, साधा सुरुवातीला आणि जिवाभावाचा शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी, तेव्हा त्याचा पेशन्स संपलेला असतो.

शूटच्या दिवशी

जेवण तीन-चार तास आधी आणि निम्मं. पोट रिकामं असलं की गाडीत उलटी होत नाही आणि खाऊची किंमत राहते. निघायच्या आधी एक नेहमीची फेरी, शी-शू होऊ दे, थोडी मस्ती उतरू दे, पण दमवू नका. गळ्यातला रोजचा जाड पट्टा तासभर आधी काढून बारीक घाला, नाहीतर मानेवर केसांचा चर दिसतो.

पोचल्यावर लगेच सुरू करायचं नाही. दहा मिनिटं त्याला जागा हुंगू दे. फोटोग्राफरला सांगा की कॅमेरा खाली ठेव, त्याच्याकडे बघू नकोस, हात पुढे करू नकोस, नुसता बस. तो स्वतः येईल.

आता माणसांचे नियम, आणि हे कुत्र्याच्या ट्रेनिंगपेक्षा कठीण आहे. हाक मारणारा एकच. बाकीचे लांब, गप्प, शक्यतो घरीच. हाक मारणाऱ्याने फोटोग्राफरच्या डोक्याच्या अगदी मागे उभं राहायचं आणि खाऊ लेन्सच्या वर धरायचा, म्हणजे नजर कॅमेऱ्याकडे जाते. सारखं नाव घेऊन घेऊन त्या नावाचा भाजीपाला करू नका. उघड्या जागेवर पट्टा सोडायचा नाही, कितीही "आमचा कुठे जात नाही" असला तरी. पट्टा तोंडावरून, पायांमधून न जाता वर ताणून बाजूला धरला तर एडिटिंगमध्ये सहज पुसला जातो. तोंडावर थेट फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात.

कुत्र्याचा खरा चांगला वेळ वीस-पंचवीस मिनिटं, तोही तुकड्या-तुकड्यांत. मध्ये पाणी, सावली, खेळ. जांभया देतोय, भूक नसताना ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, म्हणजे तो "पुरे" म्हणतोय. आणि एक फसवी गोष्ट, जीभ बाहेर, तोंड उघडं, आपण म्हणतो बघा कसा हसतोय. जीभ सैल असेल, डोळे मऊ असतील तर ठीक. जीभ टोकाला रुंद झालीय, ओठाचे कोपरे मागे ताणलेत, धाप लागलीय तर ते उकडणं आहे. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, घाम येतो तो फक्त पंजांना, आणि हवा दमट असली की धापेचाही फारसा उपयोग होत नाही. पग, बुलडॉग वगैरे चपट्या नाकाचे आणि काळे कुत्रे यांना आधी त्रास. चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चाल डगमगती असं दिसलं तर शूट तिथेच बंद, सावली, अंगावर पाणी, वारा, आणि थेट डॉक्टर. फोटो मेले.

म्हातारा कुत्रा असेल तर त्याला सारखं उठ-बस करायला लावू नका, आवडत्या गादीवर लोळतानाचे फोटो घ्या.

आमचं दुसरं शूट अंगणात झालं. सुंगट गोणपाटावर बसली, लेन्स बघितली, तिला तो आपला डबाच वाटला असावा, मागे तुळस, डिसेंबरातला तिरका उजेड. पण चेहरा कसा, शाळेच्या ग्रुप फोटोसारखा. फोटोग्राफर म्हणाला बाकी ठीक आहे पण कान पडलेत. मग मी त्याच्या मागे उभी राहून भोंगा दाबला. पों पों! कान ताठ, मान वाकडी, डोळ्यात आख्खा पाव. खट्. तोच फोटो आता हॉलमध्ये लावलाय, आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः नेऊन दाखवतात.

नंतर

बीचवर होतात तर घरी येऊन गोड्या पाण्याने पाय-पोट धुवा, बोटांच्या मधली वाळू काढा. शेतात होतात तर कानाच्या मागे, काखेत, बोटांत गोचीड बघा. अर्ध्या तासाने राहिलेलं जेवण. मग झोपू दे, तो डोक्यानेही दमलेला असतो.

फोटो निवडताना मोबाईलवर निवडू नका, मोठ्या स्क्रीनवर डोळे शार्प आहेत का बघा, आणि फाइल्स व्हॉट्सअॅपवर नको, ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हमध्ये घ्या, व्हॉट्सअॅप साइज मारतं, प्रिंट काढताना रडाल.

आणि आवाजासाठी काही खास आणलं असेल तर ते घरी आल्या आल्या वरच्या फळीवर ठेवा. आमच्या भाच्याने तो भोंगा शोधून काढला आणि दिवसभर वाजवला, सुंगट सात वेळा गेटपर्यंत धावली. आठव्यांदा तिने डोळा उघडून बघितलं फक्त, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरा पोदेर येऊन गेला तरी ही झोपलेलीच.